ताटं आबांची, वाट्या आप्पांच्या

त्या थंडीत मला आमच्या गच्चीवरून रोज सकाळी बगळे दिसायचे. घोड नदीवर धुकं असायचं, धुक्याखाली काठ, आणि काठावर पांढरेशुभ्र बगळे ओळीनं बसलेले. एकही हलायचा नाही. मी चहाचा कप घेऊन उभी राहायचे आणि चहा निवून जायचा. इतकी समाधानी पाखरं मी जन्मात पाहिली नव्हती. आळीतल्या बायकांना मी गच्चीवर बोलावून बोलावून दाखवली. शेजारच्या सुषमाताईंनी तर नणंदेला व्हिडिओ कॉल लावून दाखवली. "आमच्या शिरूरला नदीवर बगळे येतात," हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या जणांना ऐकवलं, की बगळे मीच पाळलेत असं वाटावं.

मग एका सकाळी वारा सुटला आणि बगळे पालथे झाले.

उडाले नाहीत, पालथे झाले. दोनतीन तर गडगडत पाण्यात गेले. मी तशीच पायात चप्पल सरकवून नदीवर गेले. त्या जेवणावळीच्या ताटल्या होत्या. कागदी म्हणून विकतात, पण नदीत राहूनही भिजत नाहीत, त्या. एकीला जिलबीचं टोक चिकटलेलं होतं आणि मुंग्यांची तिथं वर्दळ होती. बाकी सगळा काठ पांढरा.

"जाऊ द्या हो सविताताई," सुषमाताई म्हणाल्या, "लांबून तर बगळेच दिसत होते ना?"

सुषमाताईंचा स्वभाव खरंच चांगला आहे. पण माझं सकाळचं सुख गेलं, आणि वर आळीत नाव झालं ते निराळंच. भाजीवालीसुद्धा विचारायला लागली, "आज काय दिसलं म्हनायचं, मोर?"

आमच्या हर्षदाचा साखरपुडा माघात ठरला होता. नदीकाठी उभी राहून मी मनाशी पक्कं केलं: माझ्या लेकीच्या साखरपुड्याचे बगळे होऊ द्यायचे नाहीत. जेवून उठल्यावर मागं ढीग राहता कामा नये. एवढंच. इतकी छोटी गोष्ट. माणूस शिखरं चढतो, मला फक्त ताटली बदलायची होती.

घरी येऊन मी हे जाहीर केलं आणि सगळ्यांनी आधी यांच्याकडं बघितलं. कारण आमचे हे सणसवाडीला ज्या कंपनीत सुपरवायझर आहेत, ती कंपनी नेमक्या त्याच ताटल्या बनवते.

म्हणजे आमच्या डोक्यावरचा स्लॅब, हर्षदाचं बी.एस्सी., सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या ताटल्यांतूनच निघालेलं. अशा घरातल्या बाईनं ताटल्यांविरुद्ध बंड पुकारणं म्हणजे वाण्याच्या बायकोनं गुळाला नावं ठेवण्यासारखं. यांनी सावकाश चपातीचा घास मोडला आणि म्हणाले, "मॅनेजरसाहेबांनी शब्द दिलाय. आपल्या कार्यक्रमाला ताटल्या कंपनीकडून. भेट."

"अहो, पण..."

"नुसत्या नाहीत. छापून. 'हर्षदा आणि सत्यजीत'. सोनेरी अक्षरात. मी स्वतः मशीनपाशी उभं राहून सोनेरी रंग लावून घेतलाय. आधी पिवळट येत होता."

त्यांनी पिशवीतून एक काढून दाखवली. सुंदरच होती. कडेनं वेल, मधोमध आमच्या लेकीचं नाव. जन्मभर लोकांच्या लग्नांच्या ताटल्या काढणाऱ्या माणसानं पहिल्यांदा स्वतःच्या घरची ताटली काढली होती, आणि तिच्याकडं बघताना त्यांचे डोळे असे झाले होते, की मला माझं बंड गिळावंसं वाटलं.

"सुंदर आहे," मी म्हटलं. "जेवण झाल्यावर हिचं काय करायचं?"

"करायचंय काय? टाकायच्या."

"कुठं?"

त्यांनी ताटलीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "आपल्या लेकीचं नाव," मी हळूच म्हटलं, "आणि त्यावर कुणाचातरी पाय."

ते उठून गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मग बघ तुला काय जमतंय ते. पण पाव्हण्यांत माझं हसं करू नको."

नंतर आळीनं माझा प्रश्न हातात घेतला. कुणी म्हणालं केळीची पानं घ्या. केळीचं पान टेबलावर पंख्याखाली कसं वागतं हे त्यांना ठाऊक नसावं. आमच्या मंगल कार्यालयातल्या पंख्यांनी तर ऐन पंगतीत अख्खा वरणभात शेजाऱ्याला वाढला असता. एकीनं उसाच्या चोथ्याच्या ताटल्या सुचवल्या. अगदी निसर्गाच्या म्हणून मी नमुना मागवला, तर प्रत्येक ताटली वेगळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आली. सुषमाताई म्हणाल्या, "उभ्यानं जेवण ठेवा. पोळीवर भाजी, भाजीवर भात. ताटलीच नको!" मी क्षणभर डोळे मिटले आणि वरपक्षाची वडीलधारी मंडळी तळहातावर भात घेऊन उभी आहेत असं मला स्वच्छ दिसलं. केटररला स्टीलची ताटं विचारली, तर तो माझ्याकडं बघत म्हणाला, "ताई, घासणार कोण?" या देशातल्या सगळ्या चांगल्या कल्पना याच प्रश्नापाशी येऊन बसलेल्या आहेत, असं माझं मत झालं आहे.

शेवटी वाट दाखवली सासूबाईंनी. आमच्या सासूबाई, पुतळाबाई, यांना कमी ऐकू येतं, पण ते त्यांच्या सोयीनं. कोपऱ्यात मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या लग्नात मी खुटबावाला जेवले ती ताटं कुठं गेली गं? नावं घातलेली?"

आणि मला माझं दौंडाकडचं माहेर आठवलं.

खुटबावाला पूर्वी एक रीत होती. घरातलं माणूस गेलं, की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाची भांडी देवळात द्यायची. ऐपतीप्रमाणं कुणी चार, कुणी चाळीस, पण जोड पुरा पाहिजे: ताट, वाटी, तांब्या. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत प्रत्येकावर नाव. कुणाचंही कार्य असलं की देवळातून भांडी न्यायची, घासूनपुसून परत आणून द्यायची. अख्खं गाव गावातल्या गेलेल्या माणसांच्या ताटात जेवायचं. लहानपणी आम्ही पंगतीत बसलो, की आधी आपल्याला कोण आलंय ते वाचायचो.

मग मधल्या काळात सोसायटीची निवडणूक आली आणि गावाचे दोन गट पडले. देऊळ वाटता येईना, म्हणून भांडी वाटली. पंचांनी न्याय केला: ताटं एका गटाला, वाट्या आणि तांबे दुसऱ्या गटाला. ज्यांनी हा न्याय केला त्यांना मी मनोमन नमस्कार करते. कारण त्यांच्या एका निर्णयानं गावातली सगळी भांडी शाबूत राहिली आणि एकही कामाची राहिली नाही. आमटी ताटात पसरून कोण जेवणार? आणि नुसत्या वाट्या घेऊन पंगत कशी बसणार? दोन्ही गटांनी कागदी ताटल्या आणि द्रोण आणायला सुरुवात केली. लोक म्हणतात, कागदी ताटली सोयीची म्हणून आली. आमच्याकडं ती रुसून आली.

आता यातली खरी गोम सांगते. ताटांचा गट ज्यांचा, ते सर्जेराव आबा म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाचे, सत्यजीतचे आजोबा. आणि वाट्या ज्यांच्या ताब्यात, ते गेणबा आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. असं असून सोयरीक जमली कशी, असं शहरातली माणसं विचारतील. भांडण गटाचं असतं, सोयरीक घराची. दोघं एकमेकांच्या घरच्या प्रत्येक कार्याला जातात, पंगतीच्या दोन टोकांना बसतात आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता जेवून परत येतात.

मी सासूबाईंना घेऊन खुटबावाला गेले. आधी आबांकडं.

"या, सविताबाई," आबा म्हणाले. ते ओट्यावर कांदा बघत बसले होते. मी काम सांगितलं. त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "म्हंजी पोरीकडची मंडळी आमाला बोलावणार, आन् आमच्याच ताटात जेवू घालणार व्हय?"

मी खाली बघितलं. जागेवर जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं, पण दौंडाकडची जमीन घट्ट आहे.

"ताटं गावाची हायेत," आबा पुढं म्हणाले. "मी नुसता समितीचा अध्यक्ष. अर्ज करावा लागंल."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं."

मी अर्ज लिहिला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला. "आता ह्यावर बैठक हुईल." ते उठले, घरात गेले, आतून पाणी प्यायल्याचा आवाज आला, आणि ते बाहेर आले. "बैठक झाली. मंजूर. पर एक अट हाय. गेणबाची वाटी आमच्या ताटात पडता कामा न्हाई. पडली, तर मी भरल्या पंगतीतनं उठंन. माझ्यामागं आमचं समदं उठंल. मग पुढचं तुमचं तुमी बघा."

पाहुणे न जेवता उठले तर साखरपुडा झाला असं म्हणत नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मान डोलावली.

तिथून आप्पांकडं. आप्पांनी मला ओट्यावरूनच हाक मारली. "ये गं सवे! त्याच्याकडं आधी गेलीस म्हनं."

गावात बातमी माणसाच्या आधी पोचते, आणि पाय धुऊन बसते.

"वाट्या पाहिजेत आप्पा. आणि तांबे."

"ने की. तुझ्याच हायेत. अर्जबिर्ज मी मागत न्हाई, मी काय सरकार हाय का?" चुलतीनं चहा आणला. आप्पांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी तशीच हातात धरून म्हणाले, "फकस्त एक. सर्जेरावाच्या ताटात आपली वाटी जायची न्हाई. गेली तर नातीच्या कार्यातनं मला उठावं लागंल. मला ते बरं वाटंल का? पर उठावं लागंल."

मी त्यांच्यापुढंही मान डोलावली. सासूबाई एसटीत म्हणाल्या, "दोघांना व्हय म्हनलीस. आता?" मी खिडकीतून बाहेर बघत होते. उसाच्या शेतांवर तुरे आले होते, चंदेरी, आणि वाऱ्यानं सगळं रान एका अंगाला झुकत होतं. गुऱ्हाळांचा गोड धूर रस्त्यावर उतरला होता. अशा वेळी माणसाला सगळं जमेल असं वाटतं. आणि पारगावच्या पुलावर मला सुचलं: ताटात वाटी ठेवायची नाही ना? मग ताटाशेजारी ठेवू. टेबलावर. शब्द दोघांचाही राहिला.

मला माझ्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं. न्हावऱ्याचा थांबा येईपर्यंत वाटत होतं.

भांडी दोन टेम्पोंतून आली, कारण एका टेम्पोत त्यांना बसवायला दोन्ही घरं तयार नव्हती. आमच्या अंगणात एका बाजूला ताटं, दुसऱ्या बाजूला वाट्या आणि तांबे. किती वर्षांची धूळ! आप्पांनी आठवणीनं गुऱ्हाळावरच्या राखेचं पोतंही पाठवलं होतं. सुषमाताईंनी लगेच मुद्दा काढला, "आता ही धुवायला पाणी किती लागेल ते सांगा. ते नाही का पर्यावरण?" हा मुद्दा इतका बरोबर होता, की मला त्यांचा राग आला. आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड. मग सासूबाईंनी राखेचं पोतं सोडलं आणि दाखवलं: कोरड्या राखेनं घासायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, शेवटी नुसता एक हात पाण्याचा. एका बादलीत केवढीतरी ताटं निघाली. सुषमाताई मुद्दा विसरून स्वतःच घासायला बसल्या.

ती दुपार मी विसरणार नाही. माघाचं ऊन अंगणात सांडलेलं, हातात राख, आणि एकेका ताटातून एकेक माणूस वर येत होतं. कै. भागूबाई. आम्हाला बोरं द्यायची. कै. कोंडिबा. त्यांची सायकल गावात पहिली. कै. यशोदा, वय वर्षं नऊ. ही कोण, ते कुणालाच आठवेना, पण तिच्या नावाचं ताट सगळ्यांत चकचकीत निघालं. घासता घासता मी एकीकडं ताटाची वाटी शोधत होते. तसं काही ठरवलं नव्हतं, पण भांड्याचा जोड लावल्याशिवाय आमच्यातल्या बायकांचा हात थांबत नाही. भागूबाईच्या ताटावर भागूबाईची वाटी, कोंडिबांच्यावर कोंडिबांची. संध्याकाळपर्यंत सगळे जोड लागले. मला वाटलं, गावाची हजेरी झाली. सगळे आले.

हे कामावरून आले, अंगणात बघत उभे राहिले. एक ताट उचलून नखानं वाजवलं, कानाशी धरलं. "पत्र्याचा गेज चांगला आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून ही फार मोठी कविता आहे.

साखरपुड्याच्या दिवशी अंगठ्या झाल्या, साखर वाटली, हर्षदा लाजली, सत्यजीत तिच्यापेक्षा जास्त लाजला. पंगत बसली. एका टोकाला आबा, पांढऱ्या फेट्यात. दुसऱ्या टोकाला आप्पा, टोपीत. मी वाढपी पोरांना बजावून ठेवलं होतं, वाटी ताटाबाहेर, उजव्या हाताला. त्यांनी तसंच मांडलं. लांबून काय सुरेख दिसत होतं!

अडचण एवढीच झाली, की कार्यालयाची टेबलं अरुंद. माझ्या उजवीकडची वाटी ही शेजाऱ्याच्या डावीकडची वाटी. ताटात असलेली वाटी आपली, हे माणसाला जन्मापासून कळतं. ताटाबाहेरची कुणाची, याला काही कायदा नाही. पहिल्या वाढीलाच सत्यजीतच्या मामांनी शेजारच्या बाईंची आमटी भुरकली. बाईंनी पलीकडच्या गृहस्थांची घेतली. ते गृहस्थ मास्तर होते. त्यांनी आपल्या वाटीची मागणी केली, आणि ती मागणी त्या टेबलाच्या टोकापर्यंत सरकत गेली. टोकाला जो बसला होता त्याला वाटीच उरली नाही. तो वाढप्याला म्हणाला, "आमटी ताटातच ओत." ओतली. ती श्रीखंडाला जाऊन भेटली. इकडं एका पाहुण्याच्या कोपराचा धक्का लागून वाटी टेबलावरून थेट त्याच्याच नव्या लेंग्यात उतरली. तो ओरडून उभा राहिला. सगळे बघायला लागले.

आणि आबांनी ती वाटी बघितली.

"ही वाटी कुणाची?" आबांचा आवाज मोठा नव्हता. पण पंगत थांबली. "सविताबाई, आपलं काय ठरलं हुतं?"

तिकडच्या टोकाला आप्पांनी आपल्या ताटाच्या कडेवर बोट आपटलं. "आन् हे ताट? सवे?"

माझ्या हातात तुपाचं भांडं होतं. हर्षदा स्टेजवर बसलेली, तिचा चेहरा उतरला. आमचे हे दारात उभे. त्यांच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही. मी कसंबसं म्हटलं, "आबा, वाटी ताटात पडायची नाही, असं ठरलं होतं. ताटात एकही नाही. बघा."

आबांनी बघितलं. आप्पांनी बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. आणि आमच्या लोकांना जेवणापेक्षा जास्त आवडणारी एक गोष्ट सुरू झाली: वाद.

"बाईंचं बराबर हाय. शब्द मोडला न्हाई."

"कसा न्हाई? अट मनाची असती, टेबलाची न्हाई!"

"मग लेंग्यात पडली ती? लेंगा तर ताटात येत न्हाई ना!"

"आरं, आमटी गार होतीय!"

आबा उठू लागले. त्यांच्यामागं त्यांचे भाऊबंद उठू लागले. खुर्च्या सरकल्या. आप्पांनीही टोपी सारखी केली. मला माझ्या लेकीचा साखरपुडा दोन्ही टोकांनी उसवताना दिसत होता, आणि मी तुपाचं भांडं धरून मधोमध उभी होते.

सासूबाई आबांच्या समोरच्या ओळीत जेवत होत्या. त्यांनी या सगळ्यात एकदाही मान वर केली नव्हती. बहुतेक ऐकूच आलं नसावं, असं मला वाटलं. त्यांनी हात चाटला, पुसला, वाकून आबांच्या ताटाशेजारची वाटी उचलली आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"दगडाबाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग आबांचं ताट थोडं आपल्याकडं ओढलं, भाताचा डोंगर बोटानं बाजूला सारून वाचलं. "दगडाबाईच."

दगडाबाई म्हणजे आप्पांची आई, माझी आजी. मी लावलेले जोड वाढपी पोरांनी जसेच्या तसे उचलून मांडले होते.

"आरं सर्जेराव," सासूबाई म्हणाल्या, "दगडाबाईची वाटी दगडाबाईच्या ताटात ठेवाया कुणाची परवानगी लागती?" आणि त्यांनी वाटी ताटात ठेवली. ठक्क.

आबा अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. त्यांच्या गटानं इतकी वर्षं सांभाळलेल्या ताटांत आप्पांच्या आईचं ताट होतं. आप्पांच्या गटानं सांभाळलेल्या वाट्यांत आबांच्या घरच्यांच्या किती असतील, कोण जाणे. आबा त्या वाटीकडं बघत राहिले.

"म्हातारी पिठल्यात लसूण लई घालायची," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

लांबच्या टोकावरून आप्पांचा आवाज आला. "त्यास्नी सांगा, आमच्या घरी अजून तसंच करत्यात."

आबा बसले. त्यांचे भाऊबंद बसले. मग जे सुरू झालं, ते कुठल्याही साखरपुड्यात कुणी पाहिलं नसेल. प्रत्येकजण आपली वाटी फिरवून वाचायला लागला. "माझ्या ताटात कोंडिबा हाय, कोंडिबाची वाटी कुणाकडं गेली?" "इकडं हाय, पर अर्धी पिऊन झाली!" "भागूआत्या! भागूआत्या कुणाला आली?" गेलेल्या माणसांची नावं पंगतीतून अशी फिरत होती, जणू तीच उशिरानं जेवायला आलीत आणि जागा शोधताहेत. आमटी गार झाली. कुणी तक्रार केली नाही.

राहिला केटररचा प्रश्न: घासणार कोण? वरपक्षाला ताटं घासायला सांगणं म्हणजे पुन्हा युद्ध. पण ते मला सांगावंच लागलं नाही. आप्पांच्या माणसांनी ताटांना हात लावताच आबा गरजले, "ताटं आमची! त्यांचा हात लागता कामा न्हाई!" आणि आबांचे भाऊबंद धोतरं खोचून मी सोबत आणलेल्या राखेच्या पोत्यापाशी बसले. मग आप्पांची माणसं वाट्यांना बसली, आपलं काम आधी संपवायच्या इरेला पेटून. वरपक्ष घासतोय हे वरपक्षाच्या ध्यानातही आलं नाही. कार्यालयाचा माणूस कचऱ्याचा हातगाडा घेऊन आला होता, तो मागच्या दारात बराच वेळ उभा राहिला. खरकट्याची बादली गाईला गेली होती. तो रिकामा गाडा घेऊन परत गेला. मी त्या गाड्याकडं बघत होते, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

आता सगळं गोड झालं असं वाटत असेल, तर तुम्हाला आमच्याकडची माणसं ठाऊक नाहीत. भांडी परत जायची वेळ आली, आणि प्रश्न आला: जोड लागलेले. ते आता तोडायचे कसे? तोडायला कुणी तयार नाही. आणि सगळी भांडी एका घरात जायची, तर कुणाच्या? आबांनी पुन्हा बैठक घेतली, पाणी प्यायले, आणि निर्णय दिला. आप्पा पहिल्यांदाच त्यांच्याशी सहमत झाले. भांडी तिऱ्हाईताकडं राहावीत. तिऱ्हाईत म्हणजे मी.

तेव्हापासून खुटबावातली गेलेली सगळी माणसं शिरूरला आमच्या घरात राहतात. पलंगाखाली, कपाटावर, शिवणयंत्राच्या शेजारी. सासूबाईंच्या उशाशी तांबे आहेत. त्यात भर म्हणजे सोनेरी नावांच्या कागदी ताटल्यांची खोकी. त्या टाकवत नाहीत, कारण लेकीचं नाव. कुणाला देता येत नाहीत, कारण लेकीचं नाव. एकदा वापरून फेकायच्या ताटल्या आमच्या घरात एकदाही न वापरता जन्मभर राहणार. मागं ढीग उरता कामा नये, म्हणाले होते ना मी? आता दोन आहेत, आणि दोन्ही घरात. हे रोज सकाळी खोक्यांमधून वाट काढत सणसवाडीला ताटल्या बनवायला जातात. मी त्यांना डबा भरून देते. एका बाईनं जग जेवढं बदलायचं, तेवढं मी बदललेलं आहे. उरलेलं माणसानं जेवूनखाऊन बघावं.

काल खुटबावाहून टेम्पो आला. आप्पांच्या पणतूचं बारसं आहे, गावाला भांडी हवीत. पत्र्यावर बोटं वाजवत ड्रायव्हर घाई करत होता. आप्पा आले होते, कारण वाट्या त्यांच्या. आबाही आले होते, कारण ताटं त्यांना आप्पांवर सोडायची नव्हती. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सगळं भरून झालं, तर पुढं ड्रायव्हरशेजारी एकाचीच जागा. दोघांनीही ती नाकारली. शेवटी दोघंही मागं हौद्यात चढले आणि भांड्यांच्या दोन बाजूंना, एकमेकांकडं पाठ करून बसले.

उन्हं कलली होती. आमचं घर एकाएकी मोठं झालं होतं, आतून माझा स्वतःचा आवाज घुमत होता. टेम्पो सुरू झाला, तसं अख्खं गाव एकदम किणकिणलं. कोपऱ्यावरच्या खड्ड्याशी आबांनी पुढच्या पत्र्यावर थाप मारली.

"आरं, हळू!" ते ड्रायव्हरला ओरडले. "वाट्या हायेत आत!"